क्षमा झाली, परतफेडीचे काय?

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत व्याख्यान आटोपून चहापान चालू असता एका ज्येष्ठ सभासदांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत म्हटले, "तुम्हां लोकांचे एक बरे आहे हो. आठवडाभर हवे ते करावे, शनिवारी पाद्रीबाबांच्या कानात सांगावे, रविवारी पाटी कोरी! आम्हांला मात्र कर्माची फळे जन्मोजन्मी भोगावी लागतात." सारे हसले. मीही हसलो. बोलणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्या मनात किल्मिष नव्हते. परंतु हाच विनोद मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे, आणि पंधरावीस वर्षे नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीतही ऐकला आहे. तेव्हा एकदा त्याचे उत्तर लेखी द्यावे असे वाटले. उत्तर द्यायला बसल्यावर ध्यानात आले की ते केवळ त्या सभासदांना द्यावयाचे नसून आम्हां ख्रिस्ती मंडळींनाही द्यावयाचे आहे. कारण हा विनोद त्यांनी आमच्या धर्मग्रंथांवरून केलेला नाही, आमच्या वागण्यावरून केलेला आहे.

प्रस्तुत लेखक मूळचा नंदगडचा. खानापूर तालुक्यातील हे गाव एके काळी गोव्याकडील मालाची मोठी पेठ होती. तिथे मराठी, कानडी आणि कोंकणी या तिन्ही भाषा एकाच उंबऱ्यावर ऐकू येत. गावाचे नाव बाहेरच्यांना माहीत आहे ते संगोळ्ळी रायण्णामुळे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्याला येथेच फाशी दिले. त्याच १८३१ साली बेळगावात बाबा पदमनजींचा जन्म झाला, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही. 'यमुनापर्यटन' लिहिणारे हे बाबा मुंबईच्या परमहंस सभेत वावरले होते. त्या सभेतील मंडळी जातिभेद मानत नसत, परंतु गुप्तपणे. बंद दाराआड पाव खावा आणि बाहेर येऊन जानवे सावरावे, असा तो प्रकार होता. पुढे १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटण्याचा प्रसंग आला आणि सभाच विरून गेली. बाबांनी मात्र त्यापूर्वीच, १८५४ साली, बाप्तिस्मा घेतला. तो सर्वांच्या देखत. त्यांची मते आपणांस पटोत वा न पटोत. जे मनात आहे ते आपल्या नावानिशी सांगावयाचे आणि त्याचे जे होईल ते सोसावयाचे, एवढे त्यांनी केले. ख्रिस्ती धर्मातील कबुलीचे मर्म मला तरी यातच दिसते. कबुली म्हणजे कानात कुजबुजणे नव्हे. 'हे मी केले' या वाक्यातला कर्ता न गाळणे.

आता ज्या गोष्टीवर विनोद होतो ती पाहू. पापनिवेदनाला आमच्या आज्या 'कुमसार' म्हणत; गोव्याहून घाट चढून आलेला हा शब्द. वर्षातून एकदा तरी प्रत्येकाने ते करावे, असा दंडक १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. पुढे १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने स्पष्ट केले की पश्चात्तापी माणसाच्या बाजूने त्यात तीन गोष्टी हव्यात: मनापासूनचे दुःख, तोंडाने कबुली आणि भरपाई. या तिहींपैकी कबुली तेवढी लोकांना ठाऊक आहे. दुःख दिसत नाही म्हणून आणि भरपाई जड जाते म्हणून ती दोन्ही मागे पडली. पाच 'नमो मरिया' म्हटल्या की भरपाई झाली, अशी समजूत आमच्यातही आहे. नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ती समजूत आहे, शिकवण नव्हे. चोरलेली वस्तू घरात ठेवून चोरीची क्षमा मागता येत नाही, हे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या प्राथमिक वर्गातच सांगितले जाते. भरपाईला फाटा देऊन क्षमेचे कागद विकण्याचा धंदा सोळाव्या शतकात जर्मनीत चालला, तेव्हा मार्टिन लूथरने १५१७ मध्ये त्याविरुद्ध जी प्रतिपादने मांडली त्यांतील पहिलेच असे की पश्चात्ताप ही एका दिवसाची विधी नसून ख्रिस्ती माणसाच्या साऱ्या आयुष्याची रीत असावयाची. लूथरमुळे आमची चर्चसंस्था दुभंगली, हे खरे. तरी या मुद्द्यावर तो चुकला होता असे आज रोमसुद्धा म्हणत नाही.

आपल्याकडे परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. सावकाराने खत नदीत बुडवले तर ती दया होय. कुळाने बुडवले तर? ज्या सभासदांनी विनोद केला त्यांना वाटते की आमचा पाद्री कुळालाच खत बुडवायला परवानगी देतो. आणि आमच्यापैकी पुष्कळांनाही दुर्दैवाने तसेच वाटते.

मी महसूल खात्यात चाकरी केली, त्यामुळे बायबलमधील जकातदारांच्या गोष्टी मला नेहमी जवळच्या वाटतात. संत लूकच्या शुभवर्तमानात यरीहोचा जक्कय येतो. हा साधा जकातदार नव्हे, मुख्य जकातदार. म्हणजे आपल्याकडील हिशेबाने बऱ्यापैकी वरचा अधिकारी, पैसेवाला, आणि बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून तो झाडावर चढला, हे चित्र मुलांच्या पुस्तकांतून सर्वांना माहीत आहे. पुढचा भाग मुलांच्या पुस्तकात सहसा नसतो. येशू त्याच्या घरी उतरल्यावर जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याचे लबाडीने घेतले असेल त्याला चौपट परत करीन. त्यानंतरच येशू म्हणतो की आज या घराला तारण लाभले. इथे 'मी पापी आहे' असे मोघम विधान नाही. आकडा आहे. चौपट. महसुली माणसाची कबुली अशीच असावयाची, आकड्यांत. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडेही जकातदार गेले होते. त्याने त्यांना नोकरी सोडा, वनात जा, उपास करा असे काही सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. शिपायांना त्याने आपल्या पगारात भागवायला सांगितले. दोन हजार वर्षांत सरकारी नोकराला याहून नेमका उपदेश कोणी केलेला माझ्या वाचनात नाही.

याच्या उलट टोकाला बायबलच्या पहिल्याच पानांवरची आदमाची जबानी आहे. फळ का खाल्लेस, असे विचारले तर तो म्हणतो, तू दिलेल्या या बाईने दिले. बाई म्हणते, सापाने फसवले. म्हणजे मानवजातीचा पहिला चौकशी अहवाल हा दुसऱ्यावर ढकललेला अहवाल आहे! आम्ही आदमाच्या फळ खाण्याबद्दल फार बोलतो, त्याच्या ढकलण्याबद्दल बोलत नाही. मला तर वाटते की पृथ्वीवर जास्त पसरला तो हा दुसरा अपराध.

सरकारी भाषा या कामी मोठी तयार असते. 'निदर्शनास आले', 'कळविण्यात येते', 'कार्यवाही करण्यात आली'. कोणाच्या निदर्शनास आले, कोणी केली? कर्ता कुठेच नाही. सगळे आपोआप घडते. मी या भाषेत पस्तीस वर्षे लिहिले. प्रत्यक्षात कानडीत, पण कर्मणी प्रयोग सर्व भाषांत एकसारखाच कामाला येतो.

त्यातील एक वाक्य येथे सांगणे भाग आहे. ते लपवून वरचे सारे लिहिले तर तो शुद्ध ढोंगीपणा होईल.

कर्नाटकात १९७४ च्या दुरुस्तीने कुळकायदा कडक झाला आणि कसणाऱ्याने भू-न्यायमंडळाकडे अर्ज करून जमीन आपल्या नावे मागावी, असे ठरले. हे खटले पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. १९८० च्या दशकात मी एका तालुक्यात सर्कल होतो. एका विधवेचा अर्ज फेरचौकशीला आला होता. सव्वा एकर जमीन, मालक आपल्यापैकीच एका जुन्या, प्रतिष्ठित मराठी घराण्यातले. स्थळ पाहणी करून कब्जा कोणाचा याचा अहवाल मी द्यावयाचा होता. मी शेतावर गेलोच नाही. मालकांच्या ओसरीवर बसून, त्यांचेच दूध पिऊन, तिथेच अहवाल लिहिला: पाहणी केली असता अर्जदाराचा कब्जा आढळून आला नाही. पैसे घेतले नाहीत. हे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला अभिमानाने सांगत आलो. वरिष्ठांचा इशारा होता, हेही सांगत आलो. आणखी एक गोष्ट मात्र स्वतःलाही सांगितली नव्हती. ती बाई कानडी बोलणारी होती, आणि ते मला त्या दुपारी सोयीचे वाटले होते. अर्ज फेटाळला गेला.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उपवासकाळात, राखेच्या बुधवारनंतरच्या आठवड्यात, मी हे एका वृद्ध धर्मगुरूंना पापनिवेदनात सांगितले. (पापनिवेदनाची गुप्तता ऐकणाऱ्यावर बंधनकारक असते, सांगणाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहिण्यास प्रत्यवाय नाही. ते आता हयात नाहीत.) मला वाटले होते की चार समजुतीचे शब्द ऐकायला मिळतील. त्यांनी विचारले, "तो अहवाल अजून दप्तरात तसाच आहे का?" मी म्हटले, "असेल." ते म्हणाले, "ती बाई?" मी म्हटले, "असावी." त्यावर त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातील ती गोष्ट आठवून दिली: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. "तुम्ही उलट क्रमाने आलात," एवढेच म्हणाले. तिच्याकडे जाण्याचे वचन घेतले आणि मग पापक्षमेचे शब्द उच्चारले. 'कोरी पाटी' म्हणतात ती ही. पापनिवेदनाच्या खोलीतून मी बाहेर आलो तेव्हा आत जाताना नव्हते एवढे ओझे माझ्यावर होते.

आमच्या थट्टेखोर मित्रांना मी हे सांगू इच्छितो की देवाची क्षमा आणि माणसाचे देणे ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एका खात्यातील जमा दुसऱ्यात वर्ग करता येत नाही. १९९५ साली इंदूरजवळ राणी मारिया नावाच्या धर्मभगिनीचा बसमध्ये खून झाला. तिच्या धाकट्या बहिणीने, तीही धर्मभगिनीच, मारेकऱ्याला क्षमा केली; २००२ साली तुरुंगात जाऊन त्याच्या हाती राखी बांधली. त्याला पश्चात्ताप झाला होता. तरी तो २००६ पर्यंत तुरुंगात होता. क्षमेने शिक्षा पुसली नाही, आणि शिक्षेने क्षमेची किंमत कमी झाली नाही. २०१७ साली राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या वाचकांना अधिक जवळचे. त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या. पण त्यांचा जन्म १८५८ साली याच कर्नाटकात, गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मराठी ब्राह्मण. म्हणजे आपल्यासारख्याच कानडी मुलखात वस्ती केलेल्या कुटुंबातील. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पुण्यामुंबईत त्यांच्यावर जे काहूर उठले ते सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्याच धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो कमी लोक वाचतात. आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाच्या हवाली करणार नाही, मग ती व्यक्ती बिशप का असेना, असा त्यांचा हट्ट होता. जबाबदारी स्वतःची असेल तर निर्णयही स्वतःचाच असला पाहिजे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

आणि तरीही, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळून चुकले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. शारदा सदन १८८९ मध्ये निघालेले, देशविदेशांत नाव झालेले, विरोधक टपून बसलेले. अशा बाईने आपली श्रद्धा तोवर डोक्यातच होती हे पुढे १९०७ साली छापून प्रसिद्ध केले. ज्यांना विद्वत्तेमुळे 'सरस्वती' म्हणून गौरवले त्यांनी हे लिहावे, ही गोष्ट माझ्या दृष्टीने त्यांच्या बाप्तिस्म्याहून मोठी आहे. धर्म बदलताना माणूस म्हणतो की पूर्वीचे लोक चुकले होते. रमाबाई म्हणाल्या की धर्म बदलल्यानंतरची मीही अपुरीच होते. आपल्यापैकी किती लेखक, किती अध्यक्ष, किती निवृत्त अधिकारी आपण आठ वर्षे चुकीच्या समजुतीत होतो असे छापतील? केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जूनअखेरीस जे घडले, शेकडो मुली रडत आपापले अपराध उघड सांगू लागल्या, त्यावर भावनेचा पूर म्हणून टीका झाली. माझा स्वभावही अशा गोष्टींना अनुकूल नाही. मला मोठ्याने रडणारी प्रार्थना अवघड वाटते. पण ज्या मुली १८९६-९७ च्या दुष्काळातून आणि त्यानंतरच्या उपासमारीतून आल्या होत्या, ज्यांच्यावर जगाने अन्याय केला होता, त्यांनीसुद्धा 'आमचे काय चुकले' असा शोध घेतला, हे विसरून चालणार नाही. आम्ही पोट भरलेले लोक तो शोध टाळतो.

अलीकडे सामुदायिक क्षमायाचनेची मोठी चलती आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी चर्चच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, चालले. त्याची आठवण आमच्या भागातील कुटुंबांत अजून आहे. तेव्हा अशी क्षमायाचना आवश्यक होती आणि ती आणखी स्पष्ट व्हायला हवी होती, असेच मी म्हणेन. परंतु मेलेल्या माणसांच्या पापांचा पश्चात्ताप करणे जिवंत माणसाला फार परवडते. त्यात शेजाऱ्याच्या दारी जावे लागत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोकांत एक म्हण होती, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले अशी. संदेष्टा म्हणतो, ही म्हण बंद करा. जो पाप करील तोच त्याचा धनी.

हे आपणां सर्वांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, सीमाभागात विशेष लागू आहे. वाचकांनी रागावू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आपल्यावर अन्याय झाला, असे मीही मानतो. पण त्या एका अन्यायाच्या पोटात आपण आपली किती घरगुती पापे दडवली! मराठी शाळेचे वर्ग ओस पडले ते सरकारमुळे, असे आपण म्हणतो. आपली नातवंडे इंग्रजी शाळेच्या बसमध्ये कोणी बसवली? वाचनालयाला टाळे लागले ते सरकारमुळे. वर्गणी कोणी थकवली? सरकारचे जे दोष आहेत ते आहेतच. परंतु आपल्या वाट्याचा दोष त्यांच्या नावे टाकणे म्हणजे आदमाची ती जबानी पुन्हा नोंदवणे होय. आणि मी? भाषेचा अन्याय सोसलेल्या समाजातील मी, एका कानडी विधवेच्या अर्जावर तोच अन्याय उलट बाजूने करून मोकळा झालो होतो.

माझ्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. धर्मगुरूंना वचन देऊनही मी दोन वर्षे गेलो नाही. आधी गुडघे, मग करोना, मग पावसाळा. कारणे सगळी खरी होती. शेवटी पत्ता काढून गेलो तेव्हा बाई वारली होती. मुलगा भेटला, पन्नाशीचा, गवंडीकाम करतो. मी कोण, हे सांगितले. अहवाल शेतावर न जाता लिहिला होता, हेही सांगितले. कानडीत, कर्तरी प्रयोगात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे अव्वाला सांगायला हवे होते."

मी सव्वा एकराच्या पिकाचा अंदाजी हिशेब करून काही रक्कम नेली होती. ती त्याने घेतली नाही. नंतर मी वकिलांकडून प्रतिज्ञापत्र करून घेतले, की सदर पाहणी मी केली नव्हती आणि अहवाल खोटा आहे. वकिलांनी सांगितले की इतक्या वर्षांनी या कागदाचा न्यायालयात फारसा उपयोग नाही, उलट तुमचीच अब्रू जाईल. कागद केला. ज्या घराण्याला त्या अहवालाचा लाभ झाला त्यांनाही त्याची प्रत टपालाने पाठवली आहे, उत्तर नाही. आपल्या मंडळात त्यांचे नातलग आहेत, आणि हा लेख ते वाचतील याची मला जाणीव आहे.

मूळ प्रत घेऊन मी पुन्हा त्या मुलाकडे गेलो. त्याने ती उभ्यानेच वाचली, घडी घातली आणि आत जाऊन आईच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या उताऱ्यांबरोबर ठेवली. बसा म्हणाला नाही. मी थोडा वेळ दारात थांबलो आणि बसस्टँडकडे निघालो.